प्रोस्टेटची बायोप्सी आणि स्थानिक भूल : वेदना कमी कशी होते?

शरीराच्या काही भागांबद्दल आपल्या घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही. प्रोस्टेट ही त्यातलीच एक ग्रंथी. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली की बरेच पुरुष 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून टाळतात. लाजेपोटी सांगत नाहीत, पण मनात धास्ती दुखण्याची असते. आणि तपासणी लांबली तर आजारही उशिरा कळतो. म्हणून आज हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊया.

प्रोस्टेट म्हणजे काय?
ही फक्त पुरुषांमध्ये असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. रक्तातलं पीएसए वाढलं किंवा तपासताना गाठ जाणवली, तर डॉक्टर बायोप्सी सुचवतात. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. ग्रंथीला सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं. खात्री करायला ग्रंथीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.

नमुना कसा घेतात?
गुदद्वारातून सोनोग्राफीची बोटासारखी नळी आत घालतात. पडद्यावर ग्रंथी बघत बघत स्प्रिंगच्या सुईने साधारण १० ते १२ बारीक तुकडे घेतात. प्रत्येक वेळी 'टक्' असा आवाज होतो. हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही.

दुखतं नेमकं कुठे?
इथे दोन वेगवेगळ्या वेदना आहेत, त्या नीट ओळखा.
१) नळी आत जाताना : गुदद्वाराचा खालचा भाग फार संवेदनशील असतो, म्हणून तिथे ताण आणि दुखणं जाणवतं.
२) सुई ग्रंथीत शिरताना : ग्रंथीच्या आवरणाजवळ मज्जातंतूंचं जाळं असतं. सुईची वेदना त्यांच्यामार्फत मेंदूपर्यंत पोचते.

वेदना दोन, म्हणून उपायही दोन. पहिल्यासाठी बधिर करणारी जेली लावतात आणि नळी सावकाश घालतात. रुग्णाने अंग सैल सोडून दीर्घ श्वास घेतला तर त्रास आणखी कमी होतो. दुसऱ्यासाठी सोनोग्राफीत बघून ग्रंथीच्या दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंजवळ लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. नुसत्या जेलीपेक्षा या इंजेक्शनने सुईची वेदना जास्त कमी होते. इंजेक्शन देताना थोडं टोचतं, पण पुढच्या दहा-बारा टोचण्या सुसह्य होतात.

काही ठिकाणी अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून नमुना घेतात. तिथे आधी त्वचा बधिर करतात, मग आतला भाग.

भूल काम कशी करते?
मज्जातंतू म्हणजे विजेची तार समजा. तिच्यातून संदेश पुढे जायला सोडियमचे कण तंतूत शिरावे लागतात. लिग्नोकेन ती दारं काही वेळ बंद करतं. सुई टोचते, पण 'दुखलं' हा निरोप मेंदूला पोचतच नाही. दाढ काढताना हिरडीत इंजेक्शन देतात ना, अगदी तसंच. माणूस जागा असतो, बोलू शकतो. औषधाचा असर ओसरला की संवेदना परत येते.

थोडा इतिहास
१८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करायला कोकेन वापरलं. पण त्याचं व्यसन लागतं. पुढे १९४३ मध्ये स्वीडनचे निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. प्रोस्टेटची बायोप्सी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं भूल न देताच व्हायची. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ग्रंथीजवळच्या मज्जातंतूंना भूल देण्याची पद्धत मांडली आणि हळूहळू ती रुळली.

रुग्णाने काय करावं?
• 'डॉक्टर, जागा बधिर करणार ना?' असं सरळ विचारावं. यात कमीपणा नाही.
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.
• नंतर काही दिवस लघवीत, शौचात थोडं रक्त दिसू शकतं. वीर्याचा रंग काही आठवडे बदललेला राहू शकतो.
• थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्त फार जाऊ लागलं तर लगेच दवाखाना गाठावा.

स्वाध्याय
१) जेली आणि इंजेक्शन अशा दोन्ही गोष्टी का लागतात?
२) स्थानिक भुलीत माणूस जागा असूनही दुखत का नाही?

उत्तरं घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा. ज्या बाबांनी किंवा आजोबांनी तपासणी पुढे ढकलली आहे, त्यांना तर आवर्जून सांगा.