तांत्रिक लेखनाची सुरुवात

प्रश्न : भिलाईतील वेब डेव्हलपरने व्यावसायिक तांत्रिक लेखनाकडे कसे वळावे?

उत्तर : तांत्रिक लेखन, म्हणजे यंत्र वा संगणकप्रणाली वापरणाऱ्याला काम साधावे म्हणून केलेले लेखन, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या पोलादनगरीला, यंत्रांशी रोजचा संबंध असल्याने, अपरिचित नाही. वेबक्षेत्रात त्याचे चार प्रकार मानले जातात : नवशिक्यासाठी पाठ, विशिष्ट कामाची कृती, संदर्भनोंद आणि संकल्पनेचे विवेचन. यांची सरमिसळ झाल्यास नवशिका गोंधळतो आणि जाणकाराचा वेळ वाया जातो. आरंभी, मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'एमडीएन' या वेबतंत्रज्ञानाच्या मुक्त माहितीसंग्रहातील त्रुटी शोधून, तेथील उदाहरणे स्वतः चालवून पाहून, गिटहबवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सामायिक व्यवस्थेवर, दुरुस्ती सुचवावी. स्वीकृत दुरुस्ती लेखकाच्या नावे नोंदली जात असल्याने तीच पुढे कौशल्याचा पुरावा ठरते.