प्रोग्रॅम बदलला, मजकूर का बिघडावा?

भाची : मामा, वर्डमध्ये व्यवस्थित दिसणारा अहवाल लिबरऑफिसमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये उघडला, की पानं सरकतात, तक्ते फुटतात आणि जुन्या मराठी फायलींची तर अक्षरंच ओळखू येत नाहीत. प्रोग्रॅम सगळेच नावाजलेले, फाइल तीच. मग दोष कुणाचा?

मामा : बहुतेक वेळा दोष फाइल तयार करण्याच्या पद्धतीत असतो. पडद्यावर दिसतं ते आणि फाइलमध्ये नोंदलेलं असतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्डची डॉकएक्स किंवा लिबरऑफिसची ओडीटी फाइल ही मुळात झिप फाइलच असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘झिप’ लिहून ती उघडली, तर आत एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या छोट्या फायली सापडतात. एकीत मजकूर, दुसरीत त्याच्या शैली, वेगळ्या फोल्डरमध्ये चित्रं. ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘या तक्त्याची ही ओळ’ अशा नोंदी त्यांत असतात. दुसरा प्रोग्रॅम तुझा पडदा पाहत नाही. तो या नोंदी वाचतो आणि पान नव्याने मांडतो. म्हणून फाइल इकडून तिकडे नेताना तेच टिकतं, ज्याचा अर्थ तिच्यात नोंदलेला असतो. केवळ दिसायला बरं म्हणून जमवलेलं वाटेत गळतं.

भाची : अर्थ नोंदवायचा म्हणजे काय करायचं? शीर्षक मोठं केलं, ठळक केलं, मध्यभागी आणलं, की झालं ना ते शीर्षक?

मामा : वाचणाऱ्याच्या दृष्टीने झालं, फाइलच्या लेखी तो मोठ्या टाइपातला साधा परिच्छेदच राहिला. ‘हेडिंग १’ ही शैली लावलीस, तरच ते शीर्षक असल्याची नोंद होते. मग दुसऱ्या प्रोग्रॅमलाही त्यावरून अनुक्रमणिका तयार करता येते आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही थेट शीर्षकावर जाता येतं. रकमा एका रेषेत आणायला लोक स्पेसबार दाबत राहतात, पण स्पेसची रुंदी फॉन्टवर ठरते. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की दुसरा लागतो आणि सगळे रकाने वाकडे होतात. नवं प्रकरण पुढच्या पानावर ढकलण्यासाठी एंटर मारत गेलं, की एक ओळ वाढताच ते पानाच्या मध्यावर येऊन पडतं. रकमांसाठी तक्ता किंवा टॅब स्टॉप वापरावा, पानासाठी पेज ब्रेक. लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो हा फॉन्ट आहे. त्याच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीइतकीच ठेवली आहे, म्हणजे ओळी जिथल्या तिथे तुटतात. मराठीसाठी नोटो, लोहित, मुक्ता असे मोफत फॉन्ट दोन्हीकडे बसवता येतात.

भाची : हे ओळी आणि पानांचं झालं. पण जुन्या मराठी फायलींत सगळा मजकूरच इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो, त्याचं काय?

मामा : नियम तोच, फक्त एक पायरी खाली. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये नोंद रोमन अक्षरांचीच होई. फॉन्ट लावला की ती मराठी दिसत. फॉन्ट काढला की मराठीही गेली. त्यात प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात वाचता येत नसे. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, आणि ‘क’ हा ‘क’ म्हणूनच नोंदता येऊ लागला. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांचं काम नाजूक आहे. बऱ्याच जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर नोंदली जाते. रफाराचीही जागा हलवावी लागते. म्हणून रूपांतर झाल्यावर मुद्रितशोधन टाळता येत नाही.

भाची : म्हणजे युनिकोड वापरलं, की प्रश्न मिटला?

मामा : मोठा भाग मिटला, सगळा नाही. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्येही दोन प्रकारे नोंदला जातो. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, तर कुणी साध्या र-चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. दोन्ही दिसायला सारखे, पण एक शोधताना दुसरा सापडेलच असं नाही. तेव्हा एका संस्थेत निदान एकच पद्धत ठरलेली असावी.

भाची : मला यापेक्षा सोपा उपाय दिसतो. सगळ्यांनी एकच प्रोग्रॅम वापरावा. मग रूपांतराची भानगडच नको.

मामा : हा आक्षेप नेहमीचा आहे, पण अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले. प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ओढली जात होती. त्या फॉरमॅटमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. दोन्ही फॉरमॅट एक्सेलचेच. मॅकवरच्या जुन्या एक्सेलमध्ये तारखांची मोजणी १९०४ पासून असे, विंडोजमध्ये १९०० पासून. एका वहीतली तारीख दुसरीत चिकटवली, की १,४६२ दिवसांचा फरक पडू शकतो. कंपनी एक असली तरी आवृत्त्या, यंत्रं आणि पिढ्या बदलतातच, आणि वीस वर्षांनी फाइल उघडणाऱ्याकडे आजचा प्रोग्रॅम असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

भाची : आकड्यांचा इतका घोळ होत असेल, तर सीएसव्ही हा साधा फॉरमॅट बरा नाही का? त्यात नुसता मजकूर आणि स्वल्पविराम.

मामा : साधेपणा हाच त्याचा गुण आणि तीच त्याची उणीव. कोणता रकाना आकडा, कोणता तारीख, कोणता मजकूर, याची नोंदच त्यात नसते. मग उघडणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. गट क्रमांक इंग्रजी अंकांत १२/३ असा लिहिलेला असला, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. सुरुवातीचं शून्य जातं. खाते क्रमांक पंधरा अंकांहून मोठा असला, तर पुढच्या अंकांची शून्यं होतात. अशी फाइल पुन्हा सेव्ह केली, की मूळ माहिती परत येत नाही. म्हणून सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नये. ती ‘डेटा’ मेनूतून आयात करावी, असे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवावेत आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडावं, नाहीतर मराठी नावंही बिघडतात.

भाची : मग सरळ पीडीएफ पाठवावी. ती तर कुठेही जशीच्या तशी दिसते.

मामा : वाचायला आणि छापायला पीडीएफच पाठवावी. पण तिच्यात मुख्यतः कोणता आकार पानावर कुठे बसतो याची नोंद असते. म्हणूनच पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीत जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भरकटतात. ज्याला दुरुस्ती करायची, आकडे पुढे वापरायचे, त्याला मूळ फाइलच द्यायला हवी. आणि ती खुल्या मानकातली असावी. लिबरऑफिसचा ओडीएफ २००६ मध्ये आणि वर्ड-एक्सेलचा ओओएक्सएमएल २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. ओओएक्सएमएलच्या मतदानात भारताने विरोध नोंदवला होता. भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं, आणि ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये संपादनयोग्य कागदपत्रांसाठी ओडीएफ निवडला. सरकारी दप्तर कोणत्या एका कंपनीच्या मर्जीवर वाचता येऊ नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

भाची : एवढं करूनही सगळं जसंच्या तसं जाईल का? आणि कामाच्या घाईत शैली, रकाने हे सगळं सांभाळायला वेळ कुणाकडे असतो?

मामा : सगळं जाणार नाही. मॅक्रो, पिव्होट टेबल, गुंतागुंतीचे आलेख यांत आजही फरक पडतो. जिथे त्यांच्यावाचून चालत नाही, तिथे दोन्ही बाजूंनी प्रोग्रॅम आधी ठरवून घ्यावा. पण पत्रं, अहवाल, याद्या, इतिवृत्तं यांना मॅक्रो लागत नाहीत. ती जवळजवळ पूर्णपणे सुखरूप नेता येतात. वेळेचं म्हणशील, तर शैली एकदा ठरवून टेम्प्लेटमध्ये ठेवली, की पुढच्या प्रत्येक फायलीत श्रम वाचतात. स्पेसबार दाबून रांगा लावणारा मात्र प्रत्येक वेळी नव्याने वेळ घालवतो, आणि पुढे फाइल दुरुस्त करणाऱ्याचाही. माझं सांगणं एवढंच : नवा मजकूर युनिकोडमध्ये लिहा, शीर्षकांना शैली लावा, खुल्या फॉरमॅटमधली मूळ फाइल जपा आणि वाचण्यासाठी सोबत पीडीएफ द्या. जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर, तो वाचू शकणारे संगणक चालू आहेत तोवरच युनिकोडमध्ये आणून घ्या.