न दिसणाऱ्या विषाणूंचे दिसणारे ठिपके

पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर यांच्या मध्ये उमरोळी हे लहानसे स्थानक आहे. पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तेथे औषधनिर्मितीचेही कारखाने आहेत. या परिसरातील एखाद्या सांडपाण्याच्या नाल्याचे पेलाभर पाणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने जंतुगाळणीतून गाळून घेतले, तर त्यात जिवाणुभक्षी विषाणू मिळण्याचा पुष्कळ संभव असतो. अडचण असते ती ते ओळखण्याची.

हे विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. दिसतो तो त्यांनी केलेला संहार. बशीतील आगरावर जिवाणूंचा धूसर थर वाढतो आणि विषाणूंनी जिवाणू फोडले तेथे स्वच्छ ठिपका पडतो. त्यासच प्लाक म्हणतात. १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी याच ठिपक्यांवरून आपला निष्कर्ष मांडला. पुढे १९२७ मध्ये पटकीवरील प्रयोगांसाठी ते भारतात आले होते. आज प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर या विषाणूंचा उपाय पुन्हा तपासला जात आहे. अशा वेळी ठिपके अंधुक राहिले, तर मोजणी चुकते आणि मात्राही चुकते.

पुष्कळदा दोष विषाणूंचा नसून थराचा असतो. खालचा आगर सुमारे दीड टक्क्याचा असला, तरी वरचा थर अर्ध्या टक्क्याच्या आसपास मऊ व पातळ ठेवावा. म्हणजे विषाणू सहज पसरतात व ठिपका मोठा होतो. जिवाणू भर वाढीतले, ताजे घ्यावेत, परंतु बेताने. ते फार झाले की थर लवकर दाट होतो आणि ठिपका टाचणीच्या टोकाएवढाच राहतो. बशा आधी कोरड्या करणे कोकणच्या दमट हवेत विशेष अगत्याचे आहे, कारण ओल राहिल्यास ठिपके एकमेकांत मिसळतात. काही विषाणूंना जिवाणूस चिकटण्यासाठी कॅल्शियमचा अंश लागतो, तोही विसरू नये.

एवढे करूनही फरक दिसेना, तर ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड उपयोगी पडते. जिवंत जिवाणू या रंगहीन द्रव्याचे लाल फॉर्मझान बनवितात. लाल पार्श्वभूमीवर ठिपके फिके उठून दिसतात. मात्र हे द्रव्य काही जिवाणूंना मारक असल्याने वाढ पूर्ण झाल्यावर वरून घालणे इष्ट.

२००९ मध्ये पोर्तुगालमधील संशोधकांनी आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. जिवाणू मरणार नाहीत इतके अल्प प्रतिजैविक माध्यमात मिसळले असता काही विषाणूंचे ठिपके ठळकपणे मोठे होतात. ज्या औषधाला जंतू पुरून उरतात, त्याच्याच थेंबाने शत्रूची खूण उमटावी, ही मौजेची गोष्ट होय! तथापि मात्रा प्रत्येक जिवाणूसाठी निराळी ठरवावी लागते. शेजारी प्रतिजैविकाविना एक बशी आणि विषाणूंविना एक बशी ठेवून तिन्ही एकाच वेळी, काळ्या कागदावर धरून वाचाव्यात.