नेत्रविभागांतील रिकाम्या जागा

वैद्यकीय महाविद्यालयांच्या जाहिरातींत ‘नेत्रविभागांत पुढील जागा भरावयाच्या आहेत’ असा मथळा वरचेवर आढळतो. त्याखालीं प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, वरिष्ठ निवासी डॉक्टर, ऑप्टोमेट्रिस्ट, परिचारिका, नेत्रपेढीचा तंत्रज्ञ अशीं नांवें एकाखालीं एक छापलेलीं असतात. सामान्य वाचक त्यांवरून नजर फिरवून पान उलटतो. कारण त्यांतील निम्म्या नांवांचा अर्थच त्यास ठाऊक नसतो. डोळ्यांचें काम म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर, आणि डॉक्टर होणें न जमल्यास सर्व दारें बंद, असा समज अनेक घरांत पक्का बसलेला आहे. या समजापायीं कित्येक गुणी मुलें एका उत्तम सेवेस मुकतात, आणि रोगीही चांगल्या माणसांस मुकतात. म्हणून या जाहिरातीचा अर्थ नीट समजावून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. शिकविणारें रुग्णालय

प्रथम रुग्णालयांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खासगी दवाखान्यांत रोगी तपासणें व त्यास बरें करणें हेंच मुख्य काम असतें. महाविद्यालयास जोडलेल्या रुग्णालयांत मात्र तिहेरी काम चालतें: रोग्यांस बरें करणें, उद्यांच्या डॉक्टरांस शिकविणें आणि नवें ज्ञान शोधणें. येथें जागा घेणारा मनुष्य सकाळीं रोगी तपासतो, पुढें विद्यार्थ्यांसमोर तोच रोग उलगडून सांगतो, आणि उरल्या वेळांत त्याच रोगाच्या नोंदी ताडून पाहतो.

नेत्रवैद्यकांतील बरींचशीं साधनें अशा शिकविणाऱ्या माणसांच्या हातूनच निर्माण झालीं आहेत. जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ ज्याच्या योगानें स्पष्ट दिसूं लागला, तें नेत्रदर्शक यंत्र हर्मन हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलें. ते तेव्हां क्योनिग्सबर्ग येथें प्राध्यापक होते. डोळ्यांत शिरलेला प्रकाश परत कसा येतो, हें विद्यार्थ्यांस समजावून देण्याच्या तयारींत असतां ही कल्पना त्यांस सुचली. चष्म्याचा नंबर काढतांना समोर टांगलेला अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलन यांनीं १८६२ सालीं हॉलंडांतील युट्रेक्ट येथें तयार केला. ज्या स्लिट-लॅम्पसमोर हनुवटी टेकवून आपण बसतों, तो स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक आल्व्हार गुलस्ट्रांड यांनीं १९११ सालीं पुढें आणला. त्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालें.

विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी अशी एक गोष्ट लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयासंबंधानें सांगतात. तेथील नेत्रशल्यवैद्य हॅरोल्ड रिडले यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहावयास उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, काढून टाकलेल्या भिंगाच्या जागीं दुसरें स्वच्छ भिंग कां बसवीत नाहींत? रिडले यांनीं युद्धांत जखमी झालेल्या वैमानिकांचे डोळे तपासले होते. विमानाच्या पारदर्शक छताचे बारीक कण डोळ्यांत राहूनही दाह होत नाहीं, हें त्यांच्या नजरेस आलें होतें. विद्यार्थ्याचा प्रश्न व गुरूचें निरीक्षण यांची गांठ पडली, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं रिडले यांनीं कृत्रिम भिंग मानवी डोळ्यांत प्रथम बसविलें. समव्यवसायी मंडळींनीं त्यांस कित्येक वर्षें विरोध केला. परंतु आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत भिंग बसविणें ही नित्याची गोष्ट झाली आहे. जेथें विद्यार्थी प्रश्न विचारूं शकतो व गुरु तो ऐकूं शकतो, तेथें काय घडूं शकतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

२. वैद्यकाची शिडी

आतां जाहिरातींतील वरच्या नांवांकडे वळूं. आपल्या देशांत नेत्रतज्ज्ञ होऊं इच्छिणाऱ्यानें बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेऊन ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. नंतर एम. बी. बी. एस. चीं साडेचार वर्षें, एक वर्ष आंतरवासिता, पुन्हा प्रवेशपरीक्षा, आणि नेत्रवैद्यकांतील एम. एस. साठीं तीन वर्षें. म्हणजे कोठेंही न अडखळतां साडेआठ वर्षें लागतात. त्यापुढें निदान एक वर्ष वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून काम केल्यावर सहायक प्राध्यापकाच्या जागेस मनुष्य पात्र होतो. तेथून सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक या पायऱ्या अध्यापनाचा अनुभव आणि प्रसिद्ध झालेलें संशोधन यांवर चढावयाच्या असतात.

मोठ्या संस्थांच्या जाहिरातींत आणखी एक विशेषण आढळतें. नुसता नेत्रतज्ज्ञ न मागतां कोणी दृष्टिपटलाचा, कोणी कांचबिंदूचा, कोणी बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, कोणी लहान मुलांच्या डोळ्यांचा व तिरळेपणाचा तज्ज्ञ मागतात. डोळा हा इतका लहान अवयव, परंतु त्याच्या एकेका भागास सबंध आयुष्य वाहिलेलीं माणसें आहेत. मधुमेहानें दृष्टिपटलावर होणारा रक्तस्राव आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या दृष्टिपटलाचा विकार हे दोन्ही वेळेवर न ओळखल्यास दृष्टि कायमची जाते. म्हणून अशा तज्ज्ञाची जागा रिकामी राहणें म्हणजे कोठेंतरी कोणाचा तरी प्रकाश मावळणें होय.

३. शिडीशेजारचीं दारें

जाहिरातीच्या खालच्या अर्ध्या भागाकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. कोणतेंही नेत्रखातें केवळ शल्यवैद्यांवर चालत नाहीं.

ऑप्टोमेट्रिस्टचें उदाहरण घ्या. यांस दृष्टिमापनतज्ज्ञ म्हणूं. बारावी विज्ञानानंतर चार वर्षांचा हा पदवीक्रम असून त्यांत एक वर्ष प्रत्यक्ष कामाचें असतें. चष्म्याचा नंबर काढणें एवढेंच यांचें काम, असें समजणें चुकीचें आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी मोजून कोणत्या शक्तीचें भिंग बसवावयाचें, तें ठरवावें लागतें. प्रौढ माणसाचा डोळा सुमारें तेवीस ते चोवीस मिलिमीटर लांब असतो. या मोजणींत एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारें अडीच ते तीनांनीं चुकतो. शल्यवैद्याचा हात कितीही सफाईदार असला, तरी मोजणाऱ्याची नजर ढिली पडल्यास रोग्याचें समाधान होत नाहीं. तसेंच लहान मुलाचा एक डोळा अधू राहिल्यास मेंदू त्याकडे दुर्लक्ष करूं लागतो. वयाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत तें ओळखलें, तर चष्मा व पट्टी यांनीं पुष्कळ सुधारणा होते. उशीर झाल्यास उपाय कठीण होतो. शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासून हें हेरणारा मनुष्य बहुधा दृष्टिमापनतज्ज्ञच असतो. अशा सहयोगी वैद्यकीय व्यवसायांसाठीं २०२१ सालीं स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला असून त्यांत या व्यवसायाचाही समावेश आहे.

दुसरें दार परिचारिकेचें. शस्त्रक्रियागृहांतील निर्जंतुकता ही तिच्या दक्षतेवर अवलंबून असते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेंत जंतूंचा शिरकाव झाल्यास दृष्टि परत देण्याऐवजीं उरलीसुरलीही जाऊं शकते. म्हणून तिचें काम शल्यवैद्याच्या कामाइतकेंच जबाबदारीचें आहे.

तिसरें दार नेत्रपेढीचें. एडुआर्ड झिर्म यांनीं ७ डिसेंबर १९०५ रोजीं ओलोमोत्स या गांवीं एका मुलाच्या काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यांतील पारदर्शक पडदा दुसऱ्या माणसाच्या डोळ्यावर बसवून यश मिळविलें, तेव्हांपासून या विद्येचा पाया घातला गेला. आज मृत्यूनंतर सुमारें सहा तासांच्या आंत नेत्रदान स्वीकारावें लागतें, आणि आपल्या देशांत आतां डॉक्टराप्रमाणेंच प्रशिक्षित तंत्रज्ञासही हें काम करण्याची कायद्यानें मुभा आहे. नेत्रपेढींत समुपदेशकाचीही जागा असते. नुकताच आप्त गमावलेल्या कुटुंबाजवळ बसून, त्यांच्या दुःखाचा मान राखून, नेत्रदानाविषयीं हळुवारपणें विचारणें हें त्याचें काम. यास शस्त्र चालवितां येण्याची आवश्यकता नाहीं; परंतु ज्यास माणसाचें मन कळत नाहीं, त्यास हें काम साधणार नाहीं.

४. दाराबाहेर राहिलेला रोगी

या सर्व जागा भरल्या, तरी एक प्रश्न उरतोच: जो रुग्णालयाच्या पायरीपर्यंत येऊंच शकत नाहीं, त्याचें काय? शिकविणाऱ्या रुग्णालयांतील माणसांनींच या प्रश्नास उत्तरें दिलीं आहेत.

अमेरिकेंतील पॅट्रिशिया बाथ या न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत १९४२ सालीं जन्मल्या. डॉक्टर झाल्यावर त्यांनीं हार्लेमच्या रुग्णालयांत व कोलंबिया विद्यापीठाच्या नेत्रविभागांत अशा दोन्ही ठिकाणीं काम केलें. विद्यापीठाच्या नेत्रविभागांत आंधळे रोगी थोडे, आणि गरीब कृष्णवर्णीयांच्या हार्लेमांत मात्र फार, हें पाहून त्यांनीं आंकडे गोळा केले. उपचार वेळेवर न मिळणें, हें त्याचें मोठें कारण असल्याचें त्यांनीं दाखवून दिलें. इतकेंच करून त्या थांबल्या नाहींत. त्यांनीं कोलंबियांतील आपल्या प्राध्यापकांचें मन वळवून हार्लेममधील अंध रोग्यांवर मोफत शस्त्रक्रिया करविल्या. पुढें १९८३ सालीं नेत्रवैद्यकाच्या निवासी शिक्षणक्रमाच्या प्रमुखपदीं त्यांची नेमणूक झाली. अमेरिकेंत हें पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. २०१९ सालीं त्या निवर्तल्या.

आपल्या देशांतील उदाहरण डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचें. संधिवातानें त्यांच्या हातांचीं बोटें वांकडीं झालीं होतीं. तरी त्या बोटांत शस्त्र धरावयास ते पुन्हा शिकले आणि मदुराईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभागाचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर १९७६ सालीं त्यांनीं अकरा खाटांचें अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलें. त्या संस्थेनें खेड्यांतील बारावी झालेल्या मुली निवडून त्यांस दोन वर्षें शिक्षण दिलें, व तपासणीपासून शस्त्रक्रियेच्या तयारीपर्यंतचीं पुष्कळ कामें त्यांच्या हातीं सोंपविलीं. त्यामुळें शल्यवैद्यास आपला वेळ शस्त्रक्रियेस देतां आला. शेतकऱ्याच्या घरची मुलगी आणि नामांकित शल्यवैद्य हीं एकाच कामाचीं दोन टोंकें आहेत, हें तेथें सिद्ध झालें.

मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्यांस ही परंपरा परकी नाहीं. सर विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उभारलें, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं लांबलांबचे लोक तेथें येऊं लागले. तेथेंच त्यांनीं वैद्यकीय शिक्षणही सुरू केलें. वेल्लोर येथें इडा स्कडर यांनीं १९०२ सालीं उघडलेल्या लहानशा रुग्णालयाची वास्तु पुढें नेत्रचिकित्सेस वाहिली गेली. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाची कथा आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. त्याला गप्प बसविणारे पुष्कळ होते, थांबून त्याची हांक ऐकणारा एकच होता.

५. पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द

जाहिरात हातीं पडल्यावर प्रथम ती खुद्द संस्थेनें प्रसिद्ध केलेली आहे कीं नाहीं, तें पाहावें. जागा कायम कीं कंत्राटी, पात्रता कोणती, अनुभव किती वर्षांचा व अर्जाची शेवटची तारीख कोणती, हें वाचावें. नेमणूक करून देतों म्हणून कोणी मध्यस्थ पैसे मागूं लागल्यास त्याच्या वाटेस जाऊं नये. आणि शिक्षणक्रमांत प्रवेश घेण्यापूर्वी तो मान्यताप्राप्त आहे कीं नाहीं, याची खात्री करून घ्यावी. नाहीं तर वर्षें व पैका दोन्ही खर्च होऊन पदवी निरुपयोगी ठरते.

पालकांनीं आपल्या मुलाची परीक्षा केवळ एका प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून करूं नये. ज्या मुलाचा हात स्थिर आहे, जो मोजमापांत काटेकोर आहे, जो म्हाताऱ्या माणसाशीं गोडीनें बोलतो, त्याच्यासाठीं या खात्यांत कोठेंना कोठें जागा आहे. त्यानें वैद्यक घेतलें तर उत्तमच. न मिळालें तरी त्यानें स्वतःस हरलेला समजूं नये, आणि घरच्यांनींही त्यास तसें भासवूं नये.

विद्यार्थ्यांनीं आजच आरंभ करावा. विज्ञानाचा प्रयोग हातानें करावा, प्रकाश व भिंगें यांचा धडा घोकण्याऐवजीं समजून घ्यावा, आणि समजलें नाहीं तें निर्भयपणें विचारावें. वर्गांतील जो सोबती फळा दिसावा म्हणून डोळे बारीक करतो, त्याच्या घरीं तें कळवावें. नेत्रसेवेचा पहिला धडा इतका सोपा आहे, आणि तो गिरविण्यास कोणत्याही जाहिरातीची वाट पाहावी लागत नाहीं.