घराची दर्शनी बाजू : नागरिकशास्त्राचा एक पाठ

नागरिकशास्त्राच्या तासाला हक्क, कर्तव्य व नियम हे शब्द विद्यार्थ्यांस लवकर पाठ होतात; परंतु एकाच वस्तूवर दोन पक्षांचा हक्क कसा असू शकतो, हे त्यांस क्वचितच उमजते. त्याचे उदाहरण प्रत्येक गावात उभे आहे. ते म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बांधलेले घर. घर मालकाचे असते. त्याचे दर्शन मात्र जाणाऱ्यायेणाऱ्या सर्वांचे असते. मालकाने दर्शनी बाजूत फेरफार करावयाचे ठरविले, तर इतरांनी त्यास काही विचारावे काय, आणि विचारावयाचे तर नेमके काय, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय. सहावी-सातवीच्या वर्गास तो दोन तासांत शिकविता येईल.

प्रारंभी मुंबईचे उदाहरण सांगावे. आपल्या देशात जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा 1904 साली झाला व त्याची जागा पुढे 1958 च्या कायद्याने घेतली. परंतु त्यांचा रोख किल्ले, लेणी, देवालये यांवर होता. अंबरनाथचे शिवमंदिर त्या कायद्याने सुरक्षित आहे. ज्या घरात माणसे नांदतात, चूल पेटते, अशा घरांचा विचार त्यात नव्हता. मुंबईत तो विचार 1995 साली नियमांत आला. वारसा वास्तूंच्या श्रेणी ठरल्या व फेरफाराच्या अर्जांवर सल्ला देण्यासाठी समिती असावी असे ठरले. पहिल्या श्रेणीच्या वास्तूस आतूनबाहेरून सहसा हात लावावयाचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतील बदलास अधिक मोकळीक. तिसऱ्या श्रेणीत ती त्याहून अधिक. एकेका इमारतीप्रमाणे संपूर्ण वस्तीही ‘वारसा परिसर’ म्हणून गणली जाऊ लागली. 2018 साली मुंबईची नवी विकास नियमावली मंजूर झाली, तीतही हे प्रकरण राहिले आहे.

अशा वस्त्यांपैकी गिरगावातील खोताची वाडी प्रसिद्ध आहे. तेथील जमिनीचे खोत पाठारे प्रभू होते. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. अरुंद बोळ, बाहेरून चढणारे जिने, लाकडी सज्जे, उतरती कौलारू छपरे आणि रस्त्याला लागून पडवी, असे त्या घरांचे रूप आहे. मात्र शिक्षकाने येथे थांबून कौतुकाचा निबंध लिहावयास सांगू नये. खोताच्या वाडीतील अनेक जुनी घरे पडून त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत, हेही त्याच दमात सांगावे. समिती परवानगी नाकारू शकते; पण तिच्या नकाराने गळके छप्पर शाकारले जात नाही. जागेचे मोल चढत जाते, कुटुंब वाढते, जुन्या पद्धतीचे काम जाणणारा सुतार मिळत नाही आणि अखेर घर विकले जाते. मालकाची ही अडचण ज्या नियमाला दिसत नाही, तो नियम कागदावरच राहतो.

परदेशातही हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने 1931 साली आपल्या जुन्या वस्तीसाठी असे परीक्षण मंडळ नेमले. सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते त्याचाच विचार मंडळाने करावा, स्वयंपाकघर कोठे असावे यात पडू नये, हे त्यातील तत्त्व मुलांस सहज पटते.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. उदाहरणासाठी ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी असलेले कोलशेत घ्यावे. हे कोळी-आगरी लोकांचे जुने गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत असून कोलशेत रस्त्यावर बहुमजली इमारतींची रांग उभी राहिली आहे. ठाण्यात समूह विकास योजना आली, तेव्हा गावठाणे व कोळीवाडे तिच्यातून वगळावीत, अशी मागणी रहिवाशांनी केली होती. यावरून प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे ध्यानी येईल. शहापूर-मुरबाडकडील शिक्षकांनी कोलशेतच्या जागी आपलेच गाव घ्यावे.

पहिल्या तासात मुलांना गल्लीत न्यावे व एका रांगेतील पाच घरांची दर्शनी बाजू रेखाटावयास सांगावे. चित्र सुबक नसले तरी चालेल. छपराचा उतार, पागोळीची उंची, दारेखिडक्यांची जागा व ओट्याची रेषा बरोबर हवी. पाचही चित्रे शेजारी शेजारी लावली की गल्लीला स्वतःचा चेहरा आहे, हे न सांगता दिसते.

दुसऱ्या तासात वर्गाची समिती करावी व तिच्यापुढे एक काल्पनिक अर्ज ठेवावा. समजा, एका कोळी कुटुंबात दोन मुलांची लग्ने झाली आहेत व जागा अपुरी पडते. त्यांस पुढील पडवी भिंत घालून बंद करावयाची आहे, कौले काढून स्लॅब टाकावयाचा आहे व वर एक मजला चढवावयाचा आहे. एका मुलीने घरच्या आजीची, एका मुलाने थोरल्या भावाची आणि एकाने शेजाऱ्याची भूमिका घ्यावी.

“गुरुजी, कौलं दरसाल गळतात, मग ठेवायची कशाला?” असे कोणी विचारीलच. त्या मुलास गप्प करू नये; त्याचा प्रश्न रास्त आहे. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरास बासेल मिशनने 1865 साली काढला; त्यापूर्वी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौले होती. म्हणजे आज जे जुने म्हणून जपावयाचे, तेही एके काळी नवेच होते. तेव्हा नुसत्या वयावर निर्णय देता येत नाही. कोकणच्या पावसाचे पाणी झटकन ओघळावे म्हणून छपराला उतार आला; तो उतार राखून आतील लाकूड बदलले, कौलांखाली पत्रा घातला, तर गळती थांबते आणि गल्लीची रेषाही मोडत नाही. मजला पुढे न चढविता मागील बाजूस चढविला, तर खोली मिळते व रस्त्यावरून फारसा फरक दिसत नाही. पडवीचा प्रश्न मात्र कठीण आहे. जाळी तेथेच विणावयाची, आल्यागेल्यास तेथेच बसवावयाचे. ती भिंतीने बंद झाली, तर घराला एक खोली मिळते आणि गल्लीची एक बैठक जाते. येथे समितीत दोन तट पडतील, पडू द्यावेत. लाकडी गजांची जाळी बसवावी, असा मधला मार्ग कोणी सुचविल्यास आजीची भूमिका करणाऱ्या मुलीस आधी विचारावे.

अखेरीस निर्णय लिहून घ्यावा. मंजूर, नामंजूर किंवा अमुक फेरफारासह मंजूर, असे प्रत्येक बाबीपुढे कारणासह लिहावे. ‘चांगले दिसत नाही’ एवढेच कारण दिलेला कागद परत करावा. खर्च कोण सोसणार, हेही प्रत्येक अटीपुढे लिहावयास लावावे. तेथे मुलांची लेखणी अडखळते आणि पाठाला खरी सुरुवात होते.

गल्लीत जाणे शक्य नसेल, तेथे शाळेचीच इमारत घ्यावी. अनेक जुन्या शाळांची पडवी वर्गखोलीसाठी बंद केलेली आहे. ती का केली व काय गेले, हे गावातील जुन्या विद्यार्थ्यांस विचारून यावयास मुलांना सांगावे.