सारखे आणि तेच : संगणक दोन फाइली कशा ताडून पाहतो

स्मरणिका काढावयाचे ठरले, म्हणजे पहिले काम जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे गोळा करण्याचे असते. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांतून, शिवाय वापी, बोईसर, मुंबई, पुणे अशा ठिकाणी नोकरीनिमित्त गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून ती येतात. स्नेहसंमेलनाचे एकच छायाचित्र पाच जणांकडून पाच वेळा येते. संगणकाची डिस्क भरत जाते आणि मग कोणीतरी सुचवितो की, दुबार फाइली शोधून काढणारा एखादा प्रोग्राम चालवावा व मोकळे व्हावे. सूचना वाजवी आहे. पण दोन फाइली खरोखर एकच आहेत हे यंत्राने ठरवावयाचे कसे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे.

छायाचित्र गेले तर हळहळ वाटते. कागद गेला तर एखाद्या मुलाचे वर्ष जाऊ शकते. आपल्याकडच्या संगणकांवर हल्ली शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, सातबारा उतारे, २००६च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांची कागदपत्रे असे सारे स्कॅन करून ठेवलेले असते. जात पडताळणीच्या वेळी वडिलांचा, काकांचा किंवा आजोबांचा शाळेचा जुना दाखला किती मोलाचा ठरतो, हे पालकांना सांगावयास नको. आता दोन सख्ख्या भावांचे दाखले डोळ्यांपुढे आणा. छापील नमुना तोच, शिक्का तोच, आडनाव तेच, वडिलांचे नाव तेच. फरक फक्त मुलाच्या नावात, रजिस्टर क्रमांकात आणि जन्मतारखेत. स्कॅनरने दोन्ही फाइलींना आपापल्या फोल्डरमध्ये ‘स्कॅन ००१’ असेच नाव दिलेले. नावावरून निर्णय घेणारा प्रोग्राम यांतील एक पुसून टाकील.

म्हणजे नाव हा पुरावा नव्हे. एकाच पाड्यात एकाच नावाचे दोघे असणे आपल्याला नवे नाही, आणि म्हणून ते दोघे एक होत नाहीत. फाइलीचा आकार हाही पुरावा नव्हे. आकार वेगळा असेल तर फाइली निश्चित वेगळ्या. पण आकार सारखा असला म्हणून त्या एकच, असे म्हणता येत नाही.

यावर संगणकशास्त्राने काढलेली युक्ती म्हणजे ‘हॅश’. त्यास आपण फाइलीचा ठसा म्हणू. फाइलीतील सर्व बाइट एका ठरावीक गणितातून जातात आणि शेवटी एक लहान संख्या हाती येते. एसएचए-२५६ या पद्धतीत हा ठसा, फाइल लहान असो वा प्रचंड, नेहमी ३२ बाइटांचा असतो. फाइलीत एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो. त्यामुळे लाखो फाइली एकमेकींशी ताडण्याऐवजी त्यांचे ठसे काढून सारखे ठसे तेवढे बाजूला काढता येतात. पुण्यात २००८ साली जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी स्थापन केलेली द्रुवा ही कंपनी याच क्षेत्रातील. कार्यालयातील शेकडो लॅपटॉपांवर तोच मजकूर असेल, तर तो सुरक्षित साठ्यात एकदाच पाठवावा व एकदाच ठेवावा, हे तिच्या कामाचे एक मुख्य तत्त्व आहे.

परंतु ठसा लहान आणि मजकूर मोठा. ४,०९६ बाइटांचे जितके वेगवेगळे मजकूर संभवतात, तितके ३२ बाइटांचे ठसे संभवतच नाहीत. तेव्हा दोन भिन्न मजकुरांचा ठसा एक असणे हे गणिताने अटळ आहे. ते योगायोगाने आपल्यासमोर येण्याची शक्यता मात्र अत्यंत थोडी. बेल लॅबमधील शॉन क्विनलन व शॉन डॉरवर्ड यांनी २००२ साली ‘व्हेंटी’ ही साठवणप्रणाली मांडली. तिच्यात एसएचए-१चा ठसा हीच मजकुराची ओळख मानली होती. पुढच्याच वर्षी व्हॅल हेन्सन यांनी, केवळ ठशावर विसंबून तुलना करण्याच्या या पद्धतीवर आक्षेप घेणारा निबंध लिहिला. अनेकांना तो आक्षेप फाजील वाटला, कारण आकडेमोड ठशाच्या बाजूची होती. योगायोग हाच एक धोका नाही, एखादा माणूस मुद्दाम तसे घडवू शकतो, हे आकडेमोडीत येत नाही.

तसे घडले. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. दोन्ही ४,२२,४३५ बाइटांच्या. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची तांबडी. एसएचए-१चा ठसा मात्र तंतोतंत एक. थोड्याच अवधीत, वेबकिट या ब्राउझर-प्रकल्पाच्या भांडारात कोणीतरी चाचणीसाठी म्हणून या दोन्ही फाइली ठेवल्या. ते भांडार सबव्हर्जन या प्रणालीवर चालत होते आणि जागा वाचविण्यासाठी ही प्रणाली एसएचए-१ ठशावरून ‘हा मजकूर आपल्याकडे आधीच आहे’ असे ठरवीत असे. तिने दुसरी फाइल पहिलीच समजली. पुढे फाइली बाहेर काढताना हिशेब जुळेना आणि भांडाराचे काम अडून बसले. कोणीही हल्ला केला नव्हता. सद्हेतूने केलेली चाचणीच अंगाशी आली.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते आपल्या विद्यालयाच्या वाचकांस परके वाटणार नाही. ग्रंथांच्या प्रती ताडून पाहण्याची परंपरा धम्माइतकीच जुनी आहे. संगायन म्हणजे भिक्खूंनी एकत्र बसून वचन म्हणणे आणि तपासून घेणे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात सहावे संगायन झाले, तेव्हा निरनिराळ्या बौद्ध देशांतील तिपिटकाच्या प्रती शब्दशः ताडण्यात आल्या. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने हा पाठ देवनागरीत छापला व संगणकावरही आणला. तो उघडून पाहिला तर सिंहली, स्यामी, कंबोडियाई प्रतींतील पाठभेद संक्षिप्त खुणांनी नोंदविलेले आढळतात. ग्रंथाचे नाव एक आणि सुत्तांची संख्या एक, म्हणून प्रती एकच आहेत असे तेथे कोणी मानले नाही. पाठ वाचूनच पाहिला.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हीच रीत स्वीकारलेली आहे. २०१३ साली बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमसाठी मार्क फाशे यांनी अशी सोय लिहिली, आणि २०१६ साली ती सर्व फाइल सिस्टिमना वापरता येईल अशी सामायिक झाली. कामाची विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. ठसे काढणे, सारख्या वाटणाऱ्या फाइली हुडकणे, हे बाहेरच्या प्रोग्रामने करावे. तो कर्नलकडे येऊन म्हणतो, ‘या दोन फाइलींचे हे भाग सारखे आहेत, यांची जागा एक करा.’ कर्नल त्याचे म्हणणे ऐकून घेतो, पण त्यावर विश्वास ठेवीत नाही. तो ठसा मागतही नाही. दोन्ही भाग स्वतः वाचतो आणि बाइटामागून बाइट ताडतो.

ताडतानाही दक्षता लागते. तुलना चालू असता तिसराच प्रोग्राम एखाद्या फाइलीत लिहू लागला तर? म्हणून कर्नल आधी दोन्ही फाइलींना कुलूप लावतो. तेही ठरलेल्या क्रमाने. नाहीतर एकाने पहिली धरून दुसरीची, आणि दुसऱ्याने दुसरी धरून पहिलीची वाट पाहत बसावे, असा पेच पडतो. मग तो बहुधा ४,०९६ बाइटांच्या एकेका पानाने पुढे जातो. दोन्ही पाने कुलूपबंद झाल्यावर तो पुन्हा एकदा पाहतो की, ही पाने अजून त्याच फाइलींची आहेत ना? मधल्या काळात एखादे पान कोणी काढून घेतले असेल, तर कर्नल पुढे तुलना करीत बसत नाही. सरळ ‘भिन्न’ असे उत्तर देतो.

मला या सर्व व्यवस्थेत हे उत्तर सर्वांत महत्त्वाचे वाटते. सारख्या फाइलींना चुकून भिन्न म्हटले, तर थोडी जागा वाया जाते. भिन्न फाइलींना चुकून सारखे म्हटले, तर एकीचा मजकूर कायमचा नाहीसा होतो. दोन्ही चुकाच, पण त्यांचे वजन सारखे नाही. म्हणून जेथे खात्री नाही तेथे कर्नलने ‘भिन्न’ म्हणावयाचे, अशी रचना आहे. शासकीय याद्यांतून ‘दुबार’ म्हणून नाव वगळले गेल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या तारतम्याचे महत्त्व अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारचे पहिले क्रमांक देण्यात आले, तेव्हापासून हा दुबारपणाचा शोध माणसांच्या बाबतीतही सुरू झाला. मात्र तेथे बोटांचे ठसे आणि बुबुळे ‘किती जुळतात’ हे पाहावे लागते, कारण एकाच बोटाचे दोन ठसे कधी हुबेहूब येत नाहीत. फाइलींच्या बाबतीत ‘किती’ हा प्रश्नच नाही. सर्व बाइट तेच, किंवा फाइली भिन्न.

एवढी काळजी घेऊनही चूक झालीच, आणि ती शिकण्याजोगी आहे. डिस्कवरील जागा ठरावीक ब्लॉकांत दिली जाते. १०,००० बाइटांच्या फाइलीस ४,०९६चे तीन ब्लॉक लागतात. पहिले दोन पूर्ण भरतात, तिसऱ्यात १,८०८ बाइट बसतात आणि २,२८८ बाइटांची जागा फाइलीच्या शेवटापलीकडे पडून राहते. समजा, दुसरी फाइल याहून मोठी आहे. तिचे पहिले १०,००० बाइट पहिल्या फाइलीसारखेच आहेत, पण पुढेही मजकूर आहे. तुलना पहिल्या फाइलीच्या शेवटापर्यंतच होत असे. उत्तर येई ‘समान’, आणि ते खरेही होते. पण नंतर सामायिक केला जाई तो अख्खा तिसरा ब्लॉक. परिणामी मोठ्या फाइलीतील पुढचे २,२८८ बाइट, जे कधी ताडलेच गेले नव्हते, ते नष्ट होत. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दोन्ही फाइल सिस्टिममध्ये हा दोष होता. २०१८ साली एक्सएफएसमध्ये डेव्ह चिनर यांनी आणि बीटीआरएफएसमध्ये फिलिपे मनाना यांनी तो दूर केला. आता शेवटचा अपुरा ब्लॉक, दोन्ही फाइली तेथेच संपत असतील तरच सामायिक होतो; एरवी तो सोडून दिला जातो. जेवढे ताडले त्याहून अधिक जोडले गेले, एवढाच काय तो दोष; पण तो अनुभवी लोकांच्या नजरेतून काही वर्षे निसटला होता.

दोन फाइलींची जागा एक झाली म्हणजे एक फाइल पुसली गेली, असे मात्र नव्हे. दोन्ही नावे आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. एका खोलीस दोन दारे असावीत तसे. पुढे कोणी एका फाइलीत बदल केला, तर नवा मजकूर वेगळ्या जागी लिहिला जातो आणि दुसरी फाइल होती तशीच राहते. बाजारात मिळणारे ‘दुबार फाइली काढा’ छापाचे अनेक प्रोग्राम असे करीत नाहीत; ते एक प्रत सरळ पुसतात. हा भेद वापरणाऱ्याने जाणून घ्यावा.

आणखी एक गैरसमज. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र पाठविले की ते बहुधा लहान करून नव्याने साठविले जाते. डोळ्यांना ते मूळ चित्रासारखेच दिसते, पण बाइट निराळे असतात. त्यामुळे कर्नल त्यांना कधीही एक मानणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. छपाईसाठी मूळ प्रतच हवी असते. कोणती ठेवावी हे तेथे माणसानेच पाहावयाचे.

राहिला प्रश्न जादा प्रतींचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. घराबाहेर काढलेल्या रात्री अनेकांच्या स्मरणात आहेत. एकाच डिस्कवर एकाच कागदाच्या चार प्रती ठेवून काही लाभ नाही, डिस्क गेली की चारही जातात. त्या खुशाल एक कराव्यात. पण दुसऱ्या गावी, दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली प्रत ही दुबार नव्हे. ती काढू नये.

आणि पुसण्यापूर्वी ताडावे. लिनक्सवर यासाठी ‘सीएमपी’ ही आज्ञा आहे. १९७१च्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून ती चालत आलेली आहे. तिला दोन फाइलींची नावे द्यावयाची. फाइली भिन्न असतील, तर पहिला भेद कितव्या बाइटाला आणि कितव्या ओळीत आहे तेवढे ती सांगते. दोन्ही तंतोतंत एक असतील, तर ती काहीच बोलत नाही.