बारा टोपल्या आणि गावचे तळे

(नाताळच्या तयारीसाठी मंडळ्यांकरिता अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : योहान ६:१-१३, यहेज्केल ३४:१७-१९.
घरी वाचावयाचे : उत्पत्ति २:१५, अनुवाद २०:१९, मत्तय ७:३-५, लूक १६:१०.



धान घरात येऊन खळी रिकामी होऊ लागली, म्हणजे आपल्या खेड्यांतून नाताळची चाहूल लागते. भिंती सारविल्या जातात, भजनांच्या तालमी सुरू होतात, आणि प्रीतिभोजनाची वर्गणी कोणी किती द्यावी याविषयी पंचांची बैठक बसते. या बैठकीत तांदळाचा, तेलाचा व मंडपाचा हिशेब होतो. एका गोष्टीचा हिशेब मात्र होत नाही : जेवणे झाल्यावर मागे काय राहील, आणि ते कोठे जाईल? आजचा पाठ त्याच गोष्टीविषयी आहे.

आरंभी आमचीच चूक सांगणे आम्हांस भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सेवेतील एका खेड्यात भाद्रपद मासी आम्ही उपदेश केला. शेजाऱ्यांच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती तळ्यात विरघळत नाहीत आणि त्यांचे रंग पाणी बिघडवितात, असे आम्ही बोललो. गोष्ट खरी होती. पुढे त्याच वर्षी नाताळचे प्रीतिभोजन मंदिराच्या आवारात झाले. सुमारे तीनशे माणसे जेवली. थर्माकोलची ताटे आणि प्लास्टिकचे पेले आवाराच्या कोपऱ्यात ढीग करून ठेविले होते. सकाळी पाहू, असे म्हणून सर्वजण घरी गेले. रात्री वारा सुटला. सकाळी तळ्याच्या काठी पांढरी ताटे तरंगत होती, आणि एक वृद्ध ढिवर आपल्या जाळ्यातून पेले वेचून काढीत होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सण तुमचा झाला जी, पन जाळं आमचं भरलं." भाद्रपदातील आमचा उपदेश त्यांनी ऐकला होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ यांचा अर्थ त्या दिवशी तळ्याच्या पाळीवर आम्हांस कळला.

१. शास्त्रपाठाचा अर्थ

पाच हजारांच्या भोजनाची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. उरलेले अन्न का गोळा करावयाचे, हे कारण मात्र प्रभूच्या मुखाने केवळ योहान सांगतो : काहीही वाया जाऊ नये, म्हणून. हा प्रसंग वल्हांडण सण जवळ आला असता घडला, आणि तेथे पुष्कळ गवत होते, हेही योहानाने लिहून ठेविले आहे. जागा गालील समुद्राजवळची होती. त्यास समुद्र म्हणत असले, तरी ते गोड्या पाण्याचे तळे आहे, आणि त्या काळी त्याच्या काठी कोळ्यांची वस्ती होती. म्हणजे सणाचे दिवस, मोठी पंगत, हिरवे गवत आणि कोळ्यांचे तळे. हे चित्र आपणांस परके नाही.

आता नीट पाहा. पाच भाकरींतून हजारोंस तृप्त करणाऱ्यास उरल्यासुरल्याची काय गरज होती? तरी त्याने शिष्यांस टोपल्या घेऊन पुन्हा गवतातून फिरविले. मूळ ग्रीक लेखात जो शब्द आहे त्याचा अर्थ विणलेली टोपली असा आहे. आपल्या बुरडाच्या हातची टोपली डोळ्यांपुढे आणिली तरी चालेल. लोक तृप्त झाले तेथे भोजन संपले नाही. बारा टोपल्या भरल्या तेव्हा ते संपले. आवरणे हा भोजनाचाच भाग होता, आणि ते काम शिष्यांकडे होते, कोणा नोकराकडे नव्हते.

यहेज्केलाचा उतारा याहून कठोर आहे. तेथे देव धष्टपुष्ट मेंढरांस विचारतो की, चांगले कुरण चरून उरलेले तुम्ही का तुडविता, आणि निर्मळ पाणी पिऊन बाकीचे पायांनी का गढूळ करिता? मागून येणाऱ्या दुबळ्या मेंढरांस तेच प्यावे लागते. पाणी पिणे हा दोष नाही. आपली तहान भागल्यावर दुसऱ्याच्या तहानेचा विसर पडणे, हा दोष आहे.

२. आपले तळे

भंडाऱ्यास तळ्यांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या भागांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी मातीच्या पाळी बांधून, उतार ओळखून, ही तळी उभी केली. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी झाले. परंतु त्यांवर जगणारे लोक तेच राहिले. धानास शेवटचे पाणी येथूनच मिळते. ढिवरांची मासळी व शिंगाडे येथलेच. गुरे येथे पितात, बाया येथे धुणे धुतात, आणि हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेली बदके व पट्टकादंब येथेच उतरतात. तळे हे सर्व गावाचे एक ताट आहे. त्यात जो घाण टाकितो, तो शेजाऱ्याच्या ताटात टाकितो.

थर्माकोल कुजत नाही. त्याचे बारीक मणी होतात व पाण्यावर तरंगतात. मासे आणि पक्षी ते अन्न समजून गिळतात. जाळावे तर विषारी धूर होतो. उष्टे भरून फेकलेली प्लास्टिकची पिशवी गाय अन्नासकट खाते, ती तिच्या पोटात साचत जाते, आणि शेवटी जनावर दगावते. कायद्यानेही हे थांबविले आहे. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे-वाट्या बंद झाल्या. आणि १ जुलै २०२२ पासून सर्व देशात प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे व सजावटीचा थर्माकोल यांस मनाई आहे.

३. सण कसा पाळावा

ताटे. तीनशे माणसांस एक ताट, दोन वाट्या व एक पेला धरिला तर बाराशे नग होतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण वापरल्यास त्यांतील एकही तळ्याचा शत्रू होत नाही. ज्या स्त्रिया पत्रावळी लावितात त्यांस निदान तीन आठवडे आधी सांगावे. ऐन वेळी मिळत नाहीत आणि मग आपण बाजाराकडे धावतो. चकचकीत रुपेरी कागदी ताटांस भुलू नये. त्यांवर बहुधा प्लास्टिकचा थर असतो. पाण्यासाठी घरोघरचे पेले आणावेत. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात प्लास्टिकच्या पेल्याने पाणी पाजावे, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

चांदणी व गव्हाणी. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ यांची चांदणी मुलांनी शब्बाथशाळेत करावी. सांगाडा जपून ठेविल्यास पुढील वर्षी केवळ कागद बदलावा लागतो. गव्हाणीत खरे तणस घालावे, ते मागाहून बैलांच्या उपयोगी पडते. मूर्तिका कुंभाराकडून मातीच्या करवून दरवर्षी त्याच मांडाव्यात. थर्माकोलचा बर्फ तर मुळीच नको. बेथलेहेमच्या कथेत मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, परंतु बर्फ पडल्याचे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

झाड. सजावटीसाठी झाड अथवा फांदी तोडू नये. अनुवादात वेढा घातलेल्या नगराचीही फळझाडे तोडण्यास मनाई आहे; मग शांतीच्या सणास कुऱ्हाड कशाला? आवारातील उभ्या कडुनिंबासच चांदणी बांधावी. नवे रोप लावण्यास मात्र डिसेंबर योग्य नव्हे, कारण पुढे उन्हाळा आहे. मृगात रोप लावावे, आणि जगले तर नाताळात त्याखाली उपकारस्तुती करावी.

आवाज. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे लावण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहे; शासन सवलत देईल त्या मोजक्या दिवशीही मध्यरात्रीपलीकडे ते लाविता येत नाहीत. फटाक्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी आदेश दिला, त्यात नाताळचे नाव घेऊन रात्री ११:५५ ते १२:३० एवढीच वेळ नेमून दिली. आमच्या मते तेवढीही घेऊ नये. तळ्यावर विसावलेले पाखरू आणि शेजारच्या घरातील तान्हे मूल, दोघेही त्या आवाजाने दचकतात. टाळ-मृदंगावरील भजन गावास पुरेसे ऐकू जाते.

आवरणे. पत्रावळी व उष्टे यांसाठी आदल्या दिवशीच खड्डा खणावा; त्यावर शेण व माती टाकावी. पावसाळ्यापर्यंत खत होते. बारा जणांस बारा टोपल्या वाटून द्याव्यात, आणि त्यांत पाळक व पंच यांची नावे पहिली असावीत. आवार स्वच्छ झाल्यावाचून शेवटचा आशीर्वाद देऊ नये.

४. दोन शंका

कोणी म्हणतात, पत्रावळ महाग पडते आणि रस्सा गळतो. गळतो हे खरे. म्हणून रस्सा द्रोणात वाढावा. पैसे चार अधिक पडले तरी ते आपल्याच गावच्या गरीब स्त्रीच्या हाती जातात. दुसरे म्हणतात, कारखाने नद्या नासवितात, तेथे आमच्या तीनशे ताटांनी काय होणार? कारखान्याचा जाब कारखान्यास द्यावा लागेल. आपल्या तीनशे ताटांचा जाब आपणच देणार. थोडक्यातील विश्वासूपण कशास म्हणतात, ते लूक १६:१० मध्ये पाहावे.

त्या प्रसंगाच्या पुढील वर्षी आम्ही त्या ढिवर आजोबांस पंगतीस बोलाविले. ते आले, पत्रावळीवर जेवले, आणि उठताना आपली पत्रावळ स्वतः खड्ड्यात टाकून गेले. काही बोलले नाहीत. सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. जाळ्यात मासळी होती.

मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. योहान ६ मध्ये तुकडे गोळा करण्यास कोणास सांगितले? आपल्या मंडळीत हे काम कोण करितो?
२. आपल्या गावच्या तळ्यावर कोणकोणती घरे जगतात? त्यांची नावे सांगा.
३. गेल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी आपले आवार कसे दिसत होते?
४. यंदाच्या वर्गणीत पत्रावळी व टोपल्या यांसाठी किती रक्कम ठेवावी?

हा पाठ नाताळपूर्वीच्या एखाद्या रविवारी वाचावा, आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर ठरविल्यावाचून सभा उठवू नये.